कोठीहून वेरूळकडे

हैदराबादच्या कोठीतल्या मराठी घरात सुट्टीचा बेत ठरतो, तेव्हा बोट आपसूक पश्चिमेकडे वळतं. काचीगुडा स्टेशन जवळच. रात्रीच्या अजिंठा एक्स्प्रेसमध्ये नांदेड, परभणी झोपेतच मागे पडतात.

१९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनी शाळेच्या परिसरात वाढलेल्या या माणसांना ती परमुलखाची यात्रा वाटत नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. त्याआधी, १७६३ पर्यंत, निजामाची राजधानीच औरंगाबादला होती. पहिल्या निजामाची कबर आजही खुलताबादेत आहे. हे ठाऊक असलेला कोठीकर देवगिरी वेगळ्याच ओढीने चढतो.

अजिंठ्याशी तर जुनं नातं. हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ मध्ये उभं राहिलं, संचालक गुलाम यझदानी. त्यांच्या काळात इटलीहून जाणकार आले, भित्तिचित्रांचे सुटत चाललेले पापुद्रे पुन्हा चिकटवले गेले. पुढे १९३० ते १९५५ या काळात यझदानींचा अजिंठ्यावरचा ग्रंथ चार भागांत निघाला. केवढी चिकाटी! लेण्यांत शिरण्याआधी कोठीतल्या मुलांना हे नाव सांगायलाच हवं.

वेरूळला भक्ती आणि कुतूहल एकाच रस्त्यावर भेटतात. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेला घृष्णेश्वर आणि जवळच आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी अखंड खडकातून, कळसापासून पायाकडे कोरत आणलेलं कैलास लेणं. तिथे घाई करणं म्हणजे अन्याय.

परतीला परभणीत उतरून औंढा नागनाथ करायचं की परळी वैजनाथ, यावर मात्र घरात दरवेळी दोन पक्ष पडतात.