भाजीला इंग्रजीत काय म्हणतात?

कोपरगावच्या माणसाने जपानात जाऊन तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवावे, यातला विनोद माझ्याआधी आमच्या आळीला कळला. पहिल्या सुटीत मी घरी आलो तेव्हा शेजारच्या काकांनी ओट्यावरूनच विचारले, "काय रे, आपल्याकडचं इंग्रजी तिकडे चालतं का?"

"धावत नाही काका," मी म्हणालो, "पण चालतं."

खरे सांगायचे तर मी शिकवीत नव्हतो. शिकवणाऱ्याला मदत करीत होतो. २००४ साली जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि मी ओकायामा विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकायला गेलो. विद्यार्थ्याने आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत काम करायला तिथे परवानगी मिळते. माझ्याबरोबरचे कुणी हॉटेलात बशा विसळत, कुणी पहाटे वर्तमानपत्रे टाकीत. मी परदेशी विद्यार्थ्यांसाठी लावलेल्या फळ्यावरची एक चिठ्ठी वाचली : शहरातल्या एका प्राथमिक शाळेला दर बुधवारी इंग्रजीच्या तासाला एक परदेशी विद्यार्थी हवा आहे.

कोणता परदेशी, ते लिहिले नव्हते. परदेशी दिसला की त्याला इंग्रजी येणारच, अशी तिकडे भाबडी समजूत फार. माझ्याआधी त्या शाळेत एक चिनी विद्यार्थी जात असे व तो बिचारा आदल्या रात्री जागून इंग्रजी पाठ करी. मी निदान पाचवीपासून शिकलो होतो. आमच्या वेळी मराठी शाळांत इंग्रजीची एबीसीडी पाचवीतच सुरू होई.

असो. बुधवारी सकाळी सायकलीवरून आसाही नदीचा पूल ओलांडायचा. डाव्या हाताला काळाकुट्ट किल्ला, पलीकडे ते प्रसिद्ध कोराकुएन उद्यान. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांड्यांच्या नावाचे जे उद्यान आहे, ते याच्याच धर्तीवर केलेले. नदी मात्र गोदावरीपुढे फारच शहाणी. आमची गोदावरी पावसाळ्यात गढूळ होऊन अंगावर येते आणि उन्हाळ्यात बेपत्ता होते; ही वर्षभर नेमस्तपणे वाहते, जपानी माणसासारखी.

शाळेच्या दारात बूट काढायचे. मुलांचे पांढरे कापडी बूट कप्प्यात ठेवलेले, पाहुण्याला सपाता. त्या सपाता जपानी पायांच्या मापाच्या, त्यामुळे माझ्या टाचा वर्षभर जमिनीवरच राहिल्या. वर्गात शिरलो की एक मुलगा आरोळी देई, सारी मुले उभी राहत, कमरेत वाकत, बसत. मग मी म्हणायचे, "हाऊ आर यू?" आणि पस्तीस गळे एका सुरात गात, "आय अॅम फाइन, थँक यू, अँड यू?" कुणाचे नाक वाहत असो, कुणाला ताप असो, सगळे 'फाइन'. मला आमच्या 'गुड मॉऽऽर्निंग टीऽऽचर'ची आठवण येई. चाल निराळी, राग तोच.

दुपारचे जेवण शाळेचेच. पाळी असलेली मुले पांढऱ्या टोप्या व झगे घालून वाढत. भात असो, मासळी असो, बरोबर दूध हे हवेच. मी शाकाहारी आहे असे सांगितल्यावर शाळेतल्या आचारीणबाई चिंतेत पडल्या, कारण तिकडे भाजीच्या रश्श्यातही सुक्या मासळीचा अर्क असतो. शेवटी मी भात, दूध आणि फळ यांवर समाधान मानले. जेवणानंतर मुले स्वतः शाळा झाडीत. ओले फडके दोन्ही हातांखाली धरून, ओणवी होऊन, लांबच्या लांब व्हरांड्यातून शर्यत लावल्यासारखी धावत. आम्ही शनिवारी वर्ग शेणाने सारवीत असू, हे मी त्यांना सांगितले. शेण कशाचे, हे कळल्यावर मात्र पहिल्या बाकावरच्या मुलींनी माझ्या हाताकडे टक लावून पाहिले.

मुलांचे प्रश्न ठरलेले. भारतात रोज करी खातात का? भारतातल्या सगळ्यांना एकोणीसपर्यंतचे पाढे येतात हे खरे का? पाढ्यांची ही कीर्ती त्या सुमारास जपानात फार पसरली होती. मी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. त्यानंतर वर्गात माझ्या इंग्रजीविषयी कुणीही शंका घेतली नाही.

शंका मलाच होती. जपानी भाषेत र आणि ल वेगळे नाहीत, व नाही, त्याच्या जागी ब येतो आणि शब्दाच्या शेवटी न सोडून दुसरे व्यंजन टिकत नाही. दुधाचे 'मिल्क' तोंडात जाते आणि 'मिरुकु' होऊन बाहेर येते, 'हॉटेल'चे 'होतेरु'. आता मी कुठल्या तोंडाने हसणार? इंग्रजीतले दोन वेगवेगळे 'व' मला आजही वेगळे म्हणता येत नाहीत. आणि मी गाव कुठले? सालबाईचा तह झाल्यावर राघोबादादा आमच्या कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ साली तिथेच वारले. त्यांचा वाडा पाहतच आम्ही वाढलो. 'ध'चा 'मा' केल्याची दंतकथा ज्या आनंदीबाईच्या माथी बसली, ती याच घरातली. एका अक्षराने काय अनर्थ होतो हे आम्हांला कुणी शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र मला सुखाची सापडली. जपानी माणूस प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी 'का' लावतो. 'येता का?' याला 'किमासु का?' कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि त्यावर हा आपला घरचा 'का'. हे मी वर्गाच्या बाईंना सांगितले तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

आता या बाईंविषयी. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, केस मागे घट्ट बांधलेले. तिकडे प्राथमिक शाळेत एका वर्गाला एकच शिक्षक. गणितापासून गाण्यापर्यंत सारे त्यानेच शिकवायचे. २००२ सालच्या नव्या अभ्यासक्रमात मुलांना इंग्रजी संभाषणाची ओळख करून द्यायला मोकळीक मिळाली. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, आणि ज्या बाईंनी तीस वर्षे इंग्रजीचा शब्द उच्चारला नव्हता त्यांनी उद्यापासून तो उच्चारायचा. बाई बुधवारी आठ वाजताच शिक्षकांच्या खोलीत माझी वाट पाहत. चित्रांची कार्डे पुढे ठेवीत आणि हलक्या आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही असे, एकेक शब्द मला म्हणायला लावीत. मग स्वतः म्हणत. मग पुन्हा मला म्हणायला लावीत.

ती कार्डे त्यांनी घरी केलेली. पुढच्या बाजूला रंगीत चित्र, ते मुलांसाठी. मागची बाजू बाईंसाठी. एके दिवशी मी त्यांच्या शेजारी उभा असताना ती मागची बाजू मला दिसली. इंग्रजी शब्दावर बारीक पेन्सिलीने, जपानी अक्षरांत, उच्चार लिहिला होता.

त्या दिवशी तासाला माझे लक्ष लागले नाही.

माझी आई शिक्षिका. तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेवर. सकाळची एस.टी. पकडायची, उसाच्या गाड्यांमागून रखडत जायचे, संध्याकाळी मळीच्या वासातून परत यायचे, अशी तिची पंचवीस वर्षे गेली. २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आईकडे पहिलीचा वर्ग होता. मी तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला, म्हणजे शहाणपणाच्या ऐन भरात. सुटीत घरी आलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर आई पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "हे बघ रे बरोबर आहे का. व्हेजि-टेबल."

मी हसलो. नुसता हसलो नाही, "आई, टेबल नव्हे गं! आता त्यावर बसून जेवणार का?" असे म्हणालो. बहीणही हसली. आईही हसली. मग तिने पुस्तक मिटले आणि ओटा आवरायला उठली. त्यानंतर तिने मला एकही इंग्रजी शब्द विचारला नाही. पुढे एकदा तिच्या पिशवीत काहीतरी शोधताना मला जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे चिकटवलेली चित्रे सापडली : मांजर, छत्री, वांगी. दुसऱ्या बाजूला, गणपतीच्या आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या मधल्या मोकळ्या जागेत, पेन्सिलीने देवनागरीत उच्चार. मी पिशवी होती तशी ठेवली. त्यावर आम्ही दोघे कधी बोललो नाही.

जपानात वर्षातून काही वेळा पालक वर्गात येऊन तास पाहतात. मागच्या भिंतीशी ओळीने, गप्प, हात जोडल्यासारखे पुढे धरून उभे राहतात. फेब्रुवारीत असा दिवस आला आणि बाईंनी नेमका इंग्रजीचा तास निवडला. का निवडला, देव जाणे. मुख्याध्यापकांनी सुचवले असेल. बाईंनी कार्डे काढली. फळे झाली, प्राणी झाले. मग कोबीचे चित्र दाखवून बाई म्हणाल्या, "बेजिताबुरु."

तिसऱ्या रांगेत एक चुणचुणीत मुलगा होता. तो इंग्रजी संभाषणाच्या खाजगी शिकवणीला जाई. तो ताडकन म्हणाला, "चिगाउ!" म्हणजे चूक. आणि त्याने थेट शिकवणीतल्या उच्चारात तो शब्द म्हणून दाखवला. काही मुले हसली. मागे एका आईने तोंडावर रुमाल धरला. बाईंच्या हातातले कार्ड हलत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. बरोबर काय ते परदेशी पाहुण्याने सांगायचे होते.

मी फार विचार केला असे नाही. खडू घेतला, फळ्यावर एक टेबल काढले, त्यावर एक कोबी आणि एक देठाचे वांगे काढले आणि माझ्या मोडक्या जपानीत म्हणालो, "आमच्या गावात एक बाई आहेत. त्या याला व्हेजि-टेबल म्हणतात."

टेबलाला जपानीतही 'तेएबुरु'च म्हणतात. क्षणभर शांतता झाली, मग "तेएबुरु! तेएबुरु!" म्हणून वर्ग खदखदून हसला. भिंतीशी उभे असलेले पालक हसले. तो चुणचुणीत मुलगा सर्वांत जोरात हसला. बाईही, तोंडावर हात धरून, हसल्या. तास पार पडला.

परत जाताना पुलावर सायकल थांबवली तेव्हा ध्यानात आले, की बाईंची अब्रू राखायला मी आईलाच पुन्हा एकदा हसवून घेतले होते. पहिल्यांदा घरातल्या दोघांसमोर, आता पस्तीस मुलांसमोर आणि त्यांच्या आईबापांसमोर. खाली आसाही नेहमीसारखी वाहत होती. तिला काय!

पुढच्या बुधवारी बाईंनी विचारले, "गावातल्या त्या बाई म्हणजे कोण?"

"माझी आई," मी म्हणालो. "तीही प्राथमिक शाळेत शिकवते. तिलाही एकाएकी इंग्रजी शिकवावे लागले."

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जिभेवर घोळवून पाहिल्यासारखे म्हटले, "बेजि-तेएबुरु." आणि कार्डांच्या गठ्ठ्यातून कोबीचे कार्ड काढून, दोन्ही हातांनी, वाकून, माझ्या पुढे केले. आईला द्यायला.

जपानात पुढे बरेच बदलले. २०११पासून पाचवी-सहावीला इंग्रजीची ओळख सक्तीची झाली आणि २०२०पासून त्याच वर्गांत तो रीतसर विषय झाला. ओळख आता तिसरीतच होते. बाई त्याआधीच निवृत्त झाल्या असणार. आईही निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. आमच्या जिल्ह्याचे नावसुद्धा आता अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे. पण ती सुटी मला स्पष्ट आठवते. दिवाळीचे दिवस, कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या बेतात, आई स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या घेऊन बसलेली. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सगळे सांगितले. फळ्यावरचे टेबलसुद्धा.

आईने सोऱ्या थांबवला नाही.

"मुलं हसली?" तिने विचारले.

"हसली."

"त्या बाई?"

"त्याही हसल्या. तोंडावर हात धरून."

"मग बरं झालं."

मी कार्ड पुढे केले. आईने पदराला हात पुसले, कार्ड घेतले, कोबीकडे पाहिले आणि लगेच, कुणी सांगितल्याशिवाय, ते उलटे केले. मागच्या अक्षरांवरून तिने हलकेच बोट फिरवले.

"पेन्सिलीनंच लिहिलंय," ती म्हणाली. "मीही पेन्सिलीनंच लिहायची. तपासणीला साहेब आले की खोडून टाकता यायचं."

कढईतले तेल कडकडीत तापले होते. तिने चकल्या सोडल्या, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, "आणि त्यांच्या भाषेत काय म्हणतात रे भाजीला?"

"यासाई."

"यासाई," आई म्हणाली. मग फळीवरच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीला बांधलेली पेन्सिल तिने ओढून घेतली. "शेवटची ई दीर्घ ना?"