हाताशी असलेली गिटार

मागच्या नाताळच्या सुट्टीत आमचा भाचा गडबला आमच्या घरी चार दिवस मुक्कामाला होता. कॉलेजात जाणारा मुलगा. नुकताच गिटार शिकू लागलेला. बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली एक गिटार, कपाटावर आडवी ठेवलेली दुसरी आणि पलंगाखाली काळ्या पेटीत निजलेली तिसरी, अशी आमची सारी दौलत त्याने न्याहाळली आणि सरळ प्रश्न टाकला, "मामा, या तिन्हींतली तुम्ही सगळ्यांत जास्त कोणती वाजवता?"

आम्ही क्षणाचाही विलंब न लावता पलंगाखाली बोट दाखवले. "ती. दादाची."

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, मुलाला खोटं कशाला सांगता? ती पेटी मी झाडू मारताना सरकवते, तेवढीच हलते."

भाचा हसला. आम्हीही हसलो. पण ते हसू ओठांवरच राहिले, कारण बोलणे खरे होते.

वाचकहो, या तीन गिटारींची ओळख करून दिल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. भिंतीवरची गिटार प्लायवूडची. कलकत्त्याच्या कारखान्यात तयार झालेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, १९८४ साली, मुंबईत एका ओळखीच्या गृहस्थांकडून आम्ही ती साडेतीनशे रुपयांना घेतली. ती वापरलेलीच होती. तिचा आवाज किंचित बोदा, खालच्या कडेचे पॉलिश उडालेले आणि एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या गिटारीची. दुसरी गिटार नायलॉनच्या तारांची. पोलादी तारांचा संच सुरात लावला की लाकडावर सुमारे सत्तर किलोंचा ताण येतो. नायलॉनचा ताण त्याच्या जवळजवळ निम्मा. साहजिकच बोटांना ती मऊ लागते. पन्नाशीनंतर बोटांची पेरे कुरकुरू लागली तेव्हा आम्ही ती आणली. रात्री घर निजल्यावर हलक्या हाताने वाजवायला ती बरी.

तिसरी गिटार आमच्या थोरल्या भावाची. दादा मुंबईतल्या हॉटेलांत आणि लग्नसमारंभांत बँडबरोबर वाजवीत असे. 'हरे रामा हरे कृष्णा' हा चित्रपट १९७१ साली आला. त्यातल्या 'दम मारो दम'मधले भूपिंदर सिंग यांचे गिटारवादन ऐकून दादा वेडा झाला होता. ग्रामोफोनची सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन त्याने ते सारे तुकडे बोटांत बसवले. तबकडी मात्र कामातून गेली आणि बाबांचा मार खावा लागला. पुढे चार पैसे साठवून त्याने ही परदेशी गिटार घेतली. तिचा दर्शनी भाग अखंड स्प्रूस लाकडाचा. प्लायवूडमध्ये पातळ थर आडवेउभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते दणकट, पण कंप पावायला आळशी. अखंड लाकूड मोकळेपणाने थरथरते. दादाची गिटार छेडली की खोलीभर नाद पसरत असे.

२०११ साली दादा गेला. वहिनींनी गिटार आमच्या हाती दिली. त्या दिवशी घरी आणून आम्ही तिचे सूर लावले, पेटी बंद केली आणि पलंगाखाली ठेवली. तेव्हापासून ती जपणे हे आमचे व्रत झाले. पाहुण्यांना पेटी दाखवायची, नाव सांगायचे, उघडायची मात्र नाही. लहान मुले आली की पेटी आणखी आत सरकवायची.

भाचा झोपल्यावर त्या रात्री आम्ही मनाशी हिशेब मांडला. खरोखर हात कुठे जातो? संध्याकाळी कामावरून यावे, चहा व्हावा आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत जो मोकळा वेळ सापडतो, तेवढ्यात वाजवायचे. खुर्चीपासून भिंत तीन पावलांवर. पलंगाखाली वाकायचे म्हणजे गुडघ्यांची परवानगी हवी; मग पेटीच्या कड्या उघडा, फडके काढा, सूर जुळवा, तोवर जेवणाची हाक येते. भिंतीवरच्या गिटारीला यातले काही लागत नाही. तिला पोर धडकले तरी आमचा जीव वर येत नाही. गायकवृंदाच्या सरावाला दुचाकीवर पाठीला अडकवून नेताना पावसाची सर आली, तरी पुसून घेतली की झाले. धर्मग्रामातल्या मुलांनी पहिली सुरावट तिच्यावरच गिरवली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीत लोकभाषेला आणि ऑर्गनबरोबर इतर योग्य वाद्यांनाही वाट करून दिली. त्यानंतर ठिकठिकाणच्या गायकवृंदांत गिटार आली, त्या मोठ्या घटनेचा आमच्यापुरता वाटा या साडेतीनशेच्या प्लायवूडने उचलला.

अर्थात साध्या गिटारीचा हा मान नवा नाही. ऑस्ट्रियातील ओबरनडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी 'सायलेंट नाइट' हे नाताळगीत प्रथम गायिले गेले, ते गिटारीच्याच साथीवर. शब्द फादर जोसेफ मोर यांचे, चाल शिक्षक फ्रान्झ ग्रूबर यांची. मोर यांची गिटार आजही हालाइन येथील संग्रहालयात आहे.

थोर वादकांचेही पाहावे. स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया यांना जगातली कोणतीही गिटार मिळू शकली असती. पण जर्मन कारागीर हर्मान हाउझर यांनी १९३७ साली घडवलेली एकच गिटार त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे मैफलींत वाजवली. १९८६ साली ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली. अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी १९६९ साली मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची गिटार घेतली. अशा गिटारीला पिकच्या ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी नसते. वर्षानुवर्षे वाजवून तिच्या लाकडाला मोठे भोक पडले, तरी त्यांनी ती सोडली नाही. हे सारे आठवताना आमच्या ध्यानात आले, की सेगोव्हियांची उत्तम गिटार आणि नेल्सन यांची भोक पडलेली गिटार, दोन्ही मालकाच्या हातांत होत्या. पलंगाखाली कोणतीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाच्याला म्हटले, "ये, दादाची गिटार तुला दाखवतो." पेटी ओढली, कड्या उघडल्या, फडके दूर केले. आधी नाकाला बुरशीचा वास आला. मग दिसले: ज्या घोडीवर तारा अडकवलेल्या असतात, ती मागच्या बाजूने सुटून वर उचलली गेली होती. मध्ये नखभर फट. तिच्या मागे लाकडाला फुगवटा. तारांवर तांबूस गंज. भाचा काही बोलला नाही. सौभाग्यवतीही दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

आम्ही गडबला राहतो हे आम्हाला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? धरमतर खाडीचा खारा वारा इथे खिडकीच्या गजांनाही सोडत नाही. गिटारीचे कारागीर सांगतात, की अखंड लाकडाला हवेतली आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के असावी. आमच्याकडे आषाढ-श्रावणात ती ऐंशी-नव्वदीच्या घरात. ओल पिऊन लाकूड आडवे फुगते. ऑक्टोबरच्या उन्हात ते पुन्हा आक्रसते. त्यात दादाच्या गिटारीच्या तारा आम्ही पूर्ण सुरात ताणून ठेवलेल्या. सत्तर किलोंची ओढ, ओल आणि उष्मा यांपुढे सरसाने किती वर्षे टिकावे? पेण-हमरापूरचे मूर्तिकार ऐन पावसाळ्यात ओल्या मातीच्या गणेशमूर्ती वाळवताना दिवसातून कितीदा हात लावून पाहत असतात, हे आम्ही कैकदा पाहिले होते. आम्ही मात्र पेटी बंद करून तिलाच जपणूक म्हणत होतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वाजवल्याने लाकूड वाचते असे नाही. ओल वाजणाऱ्या गिटारीलाही लागते. पण जी रोज हातात येते तिची तार चढली, खुंटी सैल झाली, घोडी तसूभर हलली, तर ते त्याच दिवशी कळते. भिंतीवरच्या गिटारीची घोडीही एका पावसाळ्यात कुरकुरली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही ती दुरुस्त करून आणली. दादाच्या गिटारीची फट मात्र कोण जाणे किती पावसाळे वाढत होती. तिला ऐकायला कोणी नव्हते.

शुभवर्तमानातला तो चाकर आम्हाला त्या सकाळी आठवला, ज्याने धन्याचा तालांत जमिनीत पुरून ठेवला. त्याने तो उधळला नव्हता, चोरलाही नव्हता. जपलाच होता. एरवी उपदेशात ऐकताना त्याच्याबद्दल आम्हाला थोडी दयाच वाटत आली होती. त्या सकाळी मात्र धन्याचे म्हणणे पटले.

मुंबईतल्या एका कारागिराने ती गिटार दुरुस्त केली. जुना सरस खरवडला, घोडी पुन्हा बसवली. फुगवटा थोडा राहिला आहे आणि आवाजात पूर्वीची ती भरती पुरती परतलेली नाही. "आता पेटीत ठेवायची असेल तर तारा उतरवून ठेवा," तो म्हणाला, आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "पण काका, ठेवायची कशाला?"

गडबला परतल्यावर आम्ही भिंतीत दुसरा खिळा ठोकला. दादाची गिटार आता प्लायवूडच्या शेजारी टांगलेली असते. सुरुवातीला तिच्याकडे हात न्यायला संकोच वाटे. तिच्यावर आमची चुकलेली सुरावट उमटली की दादा हसेल असे वाटे. हळूहळू ध्यानात आले, की इतकी वर्षे आम्ही गिटारीपेक्षा हा संकोचच अधिक जपला होता. आम्हाला दादाइतके येत नाही, हे पेटी बंद असेतोवर कोणाला ऐकू जात नव्हते.

मेच्या सुट्टीत भाचा पुन्हा आला. जाताना आम्ही दादाची गिटार त्याच्या पाठीला अडकवली. नेऊ दिली ती नाताळपर्यंत. दर रविवारी फोनवरून एक गाणे ऐकवायचे, या बोलीवर. सौभाग्यवतींनी विचारले, "जीव राहील का तुमचा?" आम्ही म्हणालो, "बघू."

आता भिंतीवर एक खिळा रिकामा आहे. संध्याकाळी कुकरची पहिली शिट्टी होते तेव्हा हात सवयीने जुन्या प्लायवूडकडेच जातो. आणि रविवारी, ठरल्याप्रमाणे, फोन वाजतो. पोराचा ठेका अजून कच्चा आहे. पण दादाची गिटार ओळखू येते.