आईच्या हाताचा साचा



द्राक्षावर किंवा डाळिंबावर समुद्री शेवाळाच्या अर्काची फवारणी तुमच्यापैकी पुष्कळांनी केली असेल. तपकिरी समुद्री शेवाळातून आणखी एक उपयोगी वस्तू निघते, तिचे नाव अल्जिनेट. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८१ साली ती वेगळी काढली. आपल्या देशात तामिळनाडूच्या मंडपम-रामेश्वरम किनाऱ्यावर असे शेवाळ गोळा करतात. कवळीचे माप घेताना दातांचे डॉक्टर तोंडात गार लगदा दाबून धरतात ना, तो अल्जिनेटचाच.

हीच पावडर वापरून माणसाच्या हाताचा हुबेहूब साचा घेता येतो. मी कृषी विस्तार अधिकारी, माझा या कलेशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. माझी आई ८४ वर्षांची आहे. साठ वर्षे तिने खुरपे धरले. अंगठा बाहेरच्या बाजूला वळला आहे, तर्जनीवर विळ्याची जुनी खूण आहे. घरभरणीला भिंतीवर उमटवलेले तिचे कुंकवाचे हात केव्हाच चुन्याखाली गेले. वडिलांची आठवण म्हणून घरात फक्त ओळखपत्रावरचा फोटो आहे. आईचा तरी हात राहावा, असे मनाने घेतले.

अडचण एकच होती. तिचा हात थरथरतो. पावडर पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट होते, आणि तेवढा वेळ हात हलता कामा नये. मिश्रण फार लवकर आळले तर हात नीट बसवायला वेळ मिळत नाही. उशिरा आळले तर आईला तितका वेळ हात स्थिर धरवत नाही. म्हणून तिचा हात बुडवण्याआधी मी स्वतःच्या दोन बोटांवर चाचण्या घेतल्या. रीत आपल्या प्रयोगाच्या वाफ्यांचीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, आणि प्रत्येक वेळ घड्याळ लावून वहीत लिहायची.

आधी प्रमाण पाहिले. वीस ग्रॅम पावडरीला दुप्पट पाणी घातले तर लगदा पिठल्यासारखा घट्ट झाला आणि बोटांभोवती हवेचे फुगे अडकले. तिप्पट पाण्यात तो धिरड्याच्या पिठासारखा सैल आला आणि नखाची रेघसुद्धा उमटली. चौपट पाण्यात ठसा आला, पण बोट काढताना कडा फाटली. पाचपट पाण्याचे मिश्रण शेवटपर्यंत लिबलिबीतच राहिले. मी तिप्पट पाणी कायम केले. वजन काट्यावर करा, वाटीच्या मापाने फसगत होते.

मग पाणी बदलून पाहिले. आमच्या बोअरच्या पाण्याने मिश्रण दीड मिनिटातच आळले, शिवाय गुठळ्या झाल्या. शुद्ध पाण्याच्या जारमधले पाणी घेतले तर दोन मिनिटे मिळाली. याचे कारण तुमच्या ओळखीचे आहे. चोपण जमिनीत आपण जिप्सम टाकतो, तेव्हा जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेते आणि माती सुधारते. इथेही तसेच घडते. पावडरीत अल्जिनेटबरोबर जिप्सम असतेच. त्यातले कॅल्शियम अल्जिनेटचे धागे एकमेकांना बांधते आणि लगदा आळतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आधीच असते, म्हणून घाई होते.

शेवटी पाण्याचा गारवा पाहिला. जारचेच पाणी माठात ठेवून २४ अंशांवर आणले, तेव्हा तीन मिनिटांना थोडा वेळ कमी लागला. फ्रिजमधल्या १२ अंशांच्या पाण्याला चार मिनिटांहून अधिक लागली. वेळ वाढवायला काही जण रासायनिक क्षार घालतात. त्यांतले काही कातडीला झोंबणारे असतात. म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक कातडीवर तो उद्योग नको. गार पाणी पुरते.

एवढे करूनही थरथर उरलीच होती. त्यावर उपाय घरातच सापडला. नातीचा हात हातात घेतला की आईची थरथर कमी होते, हे आम्ही रोज पाहत होतो. मग दोघींचे हात एकत्रच बुडवायचे ठरवले. कोपराखाली उशी दिली. सहाशे ग्रॅम पावडर, माठातले एक लिटर आठशे मिलिलिटर पाणी, आणि तीन लिटरचा प्लास्टिकचा उभा डबा. पाऊण मिनिट भराभर घोटले, हात सोडले, तळाला किंवा कडेला टेकू दिले नाहीत. आई म्हणाली, "गार लागतंय रं, पाटाच्या पाण्यावानी." आळल्यावर बोटे हळूहळू हलवून आत हवा जाऊ दिली आणि हात एकेक करून बाहेर घेतले.

साचा तयार झाला की थांबू नका. त्यातले पाणी निघून जाते आणि तो आक्रसतो. बोटांचा एक साचा मी मुद्दाम रात्रभर उघडा ठेवला होता. सकाळी तो डोळ्यांना दिसेल इतका लहान झाला होता. पाव तासाच्या आत प्लास्टर ऑफ पॅरिसचे सरबरीत मिश्रण थोडे थोडे ओता, डबा फिरवून ते बोटांच्या टोकांपर्यंत पोचवा, हवा निघावी म्हणून ठोका. दोन तासांनी अल्जिनेट चिमटीने सोलून काढा. एका साच्यातून एकच प्रत मिळते.

आता धोक्याच्या गोष्टी सांगतो. थेट प्लास्टरमध्ये हात कधीही घालू नका. ते आळताना तापते. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने प्लास्टरमध्ये हात बुडवले आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. चेहऱ्याचा साचा घरी करू नका; नाकपुड्या क्षणभर बुजल्या तरी जीव घाबरतो, दमेकऱ्यांचे आणि मुलांचे तर नावच नको. पावडर कालवताना नाका-तोंडाला रुमाल बांधा. उरलेला लगदा मोरीत ओतू नका, तिथेच आळून बसतो. जनावरांच्या तोंडाला लागेल असाही टाकू नका.

आमच्या साच्यात अंगठ्याचा वळसा आला, विळ्याची खूण आली, नातीच्या करंगळीची घट्ट पकडही आली. गोंदण मात्र आले नाही. प्लास्टरला आकार समजतो, रंग नाही. आईच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले आहे. ते रंगाने काढू का, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "नगं. त्येवढंच संग न्यायचं असतंय. बाकीचं तुमी ठिवा."

तुमच्या घरातही असे हात असतील. सुगी आटोपली की एक दुपार त्यांच्यासाठी काढा, आणि आधी स्वतःच्या बोटावर चाचणी घ्या.