उंदीर आणि वात

पार्ल्यात लढाया तोंडी होतात. संक्रांत जवळ आली की लोकमान्य सेवा संघातून व्याख्यान ऐकून बाहेर पडलेल्या चार माणसांत 14 जानेवारी 1761 चे पानिपत पुन्हा उभे राहते. भाऊंनी बायकामाणसे बरोबर घ्यायला नको होती, सूरजमलचे ऐकायला हवे होते, विश्वासराव पडल्यावर हत्तीवरून उतरायला नको होते. डोक्यावरून विमान गेले की सगळे सेनापती क्षणभर थांबतात आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणतात. अशा गावात दार लावून, एकट्याने, तोंडातून अक्षर न काढता खेळायचा युद्धखेळ कोणाला मानवणार?

माझ्या भाच्याला नेमका हाच प्रश्न पडला होता. "मामा, स्टीमवर सेल लागलाय. 'एम्पायर: टोटल वॉर' घेऊ का? त्यात मराठे आहेत."

खेळ 2009 चा, ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने केलेला. मराठे आहेत हे खरे, पण तेवढ्यावर विकत घेऊ नये. आपले नाव पडद्यावर पाहून भरून आलेला ऊर अर्ध्या तासात ओसरतो. मग कराचे काटे सरकवायचे असतात. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात, म्हणून "बघू तरी" म्हणणारे पुष्कळ. पण दोन तासांत असल्या खेळाची नुसती ओळख होते. तो खरा कळतो कंटाळा आल्यावर, आणि तिथपर्यंत पोचायला दोन तास पुरत नाहीत.

मोहीम 1700 साली सुरू होते. वर्षाला दोन चाली, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. सातारा आपला, समोर मोगल. खऱ्या 1700 मध्ये औरंगजेब अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसला होता. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये सातारा पडला. यातले काही खेळात नाही, आणि त्याबद्दल माझे काही म्हणणेही नाही. म्हणणे आहे ते पावसाबद्दल. उन्हाळा झाला, हिवाळा झाला. आपला पावसाळा कुठे गेला? त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला खवासपूरला माण नदीला रात्री पूर आला, बादशाही तळ पाण्यात गेला आणि त्या पळापळीत औरंगजेबाचा गुडघा असा निखळला की पुढे जन्मभर तो लंगडतच चालला. वर्षातले बरेच महिने जी कोरडीच असते, त्या नदीने हे केले.

पावसाळ्यातले लष्कर पाहायचे तर शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र वाचावे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग माणसे कुणब्यांच्या घरात हात घालतील, असा सगळा हिशेब त्यात मांडला आहे. आणि एक बारकी ताकीद: रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. राज्य उभे करणारा माणूस उंदराचा विचार करतो आहे! इथे ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याने हा खेळ खुशाल घ्यावा.

गनिमी काव्याच्या ओढीने येणाऱ्याने मात्र दारातूनच परत फिरावे. लढाईत बंदुका घेऊन रांगेत उभे राहायचे असते. दाद हवी असणाऱ्यानेही. संगणक चिडत नाही, ओशाळत नाही, "काय चाल होती!" असेही म्हणत नाही. सुट्टीत दुपारी सगळे झोपलेले असताना एकट्याने पत्त्यांचा पेशन्स लावत बसणारी आत्या प्रत्येक घरात एक असायची. डाव लागला तरी ती कोणाला उठवायची नाही. तिची जात इथे टिकते. आणि हरल्याबरोबर मागे साठवलेला डाव उघडणाऱ्याला तर मी स्पष्टच सांगेन: बाबा रे, पैसे वाचव.

भाच्याने घेतला. सीएचा अभ्यास चालू असताना घेतला, त्यामुळे ताईचा राग माझ्यावर. काही दिवसांनी मी विचारले, "लढाया कशा चालल्यात?"

"लढाया मी बघतच नाही, मामा. त्या कॉम्प्युटरवर सोपवतो. रस्ते केलेत. कर कमी केलेत, दंगे थांबलेत."

मला राहवेना. "आणि दिल्ली?"

"घेता येईल. ठेवता येणार नाही, आत्ता तरी." भाऊंनी 1760 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली आणि तिथे पैसा आणि वैरण दोन्हींची ददात पडली, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पडद्याकडे बघत त्याने कराचा काटा आणखी थोडा खाली ओढला आणि पुढची चाल दिली.