हो म्हजो आवाज न्हय

मार्च सरत आला की गोव्याच्या गावांतून काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास हिंडू लागतो आणि भाटी कुठे पेटली आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. अशाच एका कातरवेळी आम्ही दोघे मित्र बारदेशातल्या एका जुन्या तावेर्नात जाऊन बसलो होतो. चार बाकं, भिंतीवर क्रूस, त्याखाली एक लाल दिवा आणि समोर लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. बोंडांचा रस, म्हणजे निरो, एकदा भाटीवर चढवला की हुर्राक उतरतो. तोच पुन्हा चढवला की फेणी. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती बाटलीत बसून विमानतळावर गेली. हुर्राक मात्र हंगामापुरता येणारा पाहुणा, फार टिकत नाही.

आम्हाला अनोळखी माणसांच्या गप्पांचा पॉडकास्ट करायचा होता. विषय नाही, प्रश्न नाहीत. जो बाकावर असेल तो बोलेल. (पॉडकास्ट हा शब्द जेमतेम २००४ चा, गप्पांचं वय कुणी मोजावं?) बोलणं ध्वनिमुद्रित होणार आहे हे सगळ्यांना आधीच सांगितलं, तेव्हा एक म्हातारबाब खुर्ची उचलून दूर जाऊन बसले आणि तिथून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलू लागले. पेल्यांची आदळआपट मेजातून थेट ध्वनिमुद्रकात शिरते, म्हणून त्याच्याखाली घडी घालायला पात्रावांनी, म्हणजे तावेर्नाच्या मालकांनी, खांद्यावरचा पंचा काढून दिला. वर वाकून पाहत हसून म्हणाले, यंत्राचा लाल दिवा तर लागलेलाच नाही! शिकागोच्या स्टड्स टर्केलची मला तेव्हा आठवण झाली. हजारो साध्या माणसांना बोलतं करणाऱ्या या माणसाला ध्वनिमुद्रक नीट हाताळता येत नसे. समोरचाच मदतीला येई आणि त्या मदतीत त्याचं अवघडलेपण गळून पडे. माझं अज्ञान एवढं फलदायी नव्हतं, पण बाकावरची माणसं थोडी सरकून जवळ आली एवढं खरं.

मग पाऊस, बोंडांचा भाव, मुंबईच्या बोटीवर गेलेलं तारुण्य, कुणाचा तरी हरवलेला बैल. दीड तास कसा गेला कळलं नाही.

घरी आल्यावर ऐकलं तर गप्पा कुठेतरी तळाशी, आणि वर पंख्याची घरघर, पालीची चुकचुक, रस्त्यावरून गेलेल्या पोदेराच्या, पाववाल्याच्या, भोंग्याचं पों-पों. तो पोदेर आमच्यापैकी एकालाही ऐकू आला नव्हता. गोंगाटातून नेमका एकच आवाज वेचून घेण्याच्या कानाच्या या कसबाला कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये मद्यमेजवानीचंच नाव दिलं होतं. यंत्राला ते कसब नाही. आपण समोरच्याचं ऐकतो म्हणजे किती गोष्टी त्याच्यासाठी न ऐकलेल्या करतो, हे मला त्या भोंग्यानं सांगितलं.

आठवड्यानं आम्ही ते ध्वनिमुद्रण तावेर्नात नेऊन लावलं. माणसं कान देऊन ऐकत होती, एकमेकांचे आवाज ओळखून मांडीवर थापा मारत होती. आणि आपला आवाज आला की प्रत्येक जण मान हलवी : हो म्हजो आवाज न्हय, हा माझा आवाज नव्हे. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. बाहेर पडतो तो वेगळाच, काहीसा पातळ, पोरका. आयुष्यभर जो लोकांना देत आलो, तो आपण स्वतः कधी ऐकलेलाच नसतो. पलीकडच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला मात्र तो पक्का ठाऊक असतो. दूरच्या खुर्चीतले म्हातारबाब तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी आपला आवाज दोनदा पुन्हा लावायला सांगितला, डोळे मिटून ऐकला आणि ‘बापायचो’, बापाचा, एवढंच म्हणाले.

ते ध्वनिमुद्रण आम्ही अजून कापलेलं नाही, पोदेरासकट तसंच ठेवलं आहे. हुर्राक पावसाआधीच संपला. तावेर्नात आता फक्त फेणी मिळते.