पॉमेरियन म्हणून आणलेला मोती

कासुर्डीहून. आज पिकाचं नाही, कुत्र्याचं.

मागच्या वर्षी कांद्याच्या पैशातून पोरीसाठी 8 हजाराचं "प्युअर पॉमेरियन" पिल्लू आणलं. वर्षाचं झाल्यावर काट्यावर ठेवलं, तर 6 किलो! खरा पॉम साधारण 2 ते साडेतीन किलोच भरतो. तोंड आखूड, कान इवलेसे. आमच्या मोतीचं तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं. डॉक्टर म्हणाले, हा इंडियन स्पिट्झ दिसतोय. 'हम आपके हैं कौन' (1994) मधला टफी याच जातीचा. आपल्याकडं यालाच सर्रास पॉमेरियन म्हणतात.

पण हा तरी प्युअर का क्रॉस? नुसतं बघून छातीठोक सांगता येत नाही. आजा-पणजा कोण, हे अंगावर लिहिलेलं नसतं. गाय भरवताना आपण कांडीवरचा वळूचा नंबर बघतो ना? तशी कुत्र्याची केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळ नोंद आणि मायक्रोचिप नंबर बघायचा. मी साधी पावतीसुद्धा घेतली नाही. चूक माझीच.

आता शेजारी म्हणतात, पॉमेरियन सांगून पिल्लं विकू. मी नाही म्हणालो. आपण फसलो म्हणून दुसऱ्याला फसवायचं नाही.

मोती मात्र कुठं जात नाही. पोरगी शाळेतून येईस्तोवर फाटकात बसून असतो.