बडोद्याची मराठी

पुण्याहून बडोद्यास प्रथमच आलेल्या पाहुण्यास दांडिया बाजारात, रावपुऱ्यात मराठी कानी पडते व आपण घरीच आहोत असे वाटते. खंडेराव मार्केटात मात्र तो थबकतो. तेथे कांदा ‘डुंगळी’ होतो, वांगे ‘रींगण’, तर ‘चोखा’ म्हणजे तांदूळ! दुकानदार त्याच्या पत्नीस ‘नवरा थाओ त्यारे आवजो’ म्हणाला, तर रागावण्याचे कारण नाही. गुजरातीत ‘नवरा’ म्हणजे रिकामा. ‘सवड झाली की या’, एवढाच त्याचा अर्थ.

हा शेजार आम्हां बडोदेकरांच्या मराठीतही मुरला आहे. ‘उद्या यायला फावणार नाही’ असे आम्ही म्हणतो, तेव्हा पुणेकर हसतो. वस्तुतः ‘फावणे’ हे क्रियापद मराठीचेच. ‘फावल्या वेळात’ ते पुण्यातही नांदते. गुजराती ‘फावशे’च्या सहवासाने त्यास आमच्याकडे ‘सोयीचे होणे’ हा अर्थ लाभला, इतकेच.

परंतु असे हसे झाले, की सुटीत महाराष्ट्रात गेलेली आमची मुले मराठी बोलणेच टाळू लागतात. खरी हानी ती होय.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश निघाला. त्यात गुजराती, मराठीसह आठ भाषांतील राज्यकारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. घरोघरी हेच धोरण असावे. मुलाचा बडोदी शब्द खोडू नये. त्याच्या शेजारी पुण्याचा शब्द ठेवावा, आणि कोणता कोठे शोभतो ते सांगावे. मग मूल दोन्हीकडे मोकळेपणाने बोलेल.